सोलापुरात धो धो पाऊस असताना बाहेर पळायला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात राहता, रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर पाऊण तास पळता, डिसेंबरात दहा किलोमीटरची शर्यत आहे आणि सप्टेंबरच्या पावसानं आठवडाभर सराव बंद पडलाय. घरचे म्हणतात, भिजून आजारी पडशील. जावं का, आणि जायचं तर कसं?

जा. फक्त संध्याकाळी जाऊ नका, सकाळी जा. एवढं एकच पाळलंत तरी निम्मी काळजी मिटली.

आपल्याकडचा पाऊस कोकणासारखा दिवसदिवस कोसळत नाही. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात, म्हणून इथली वर्षाची बेरीजच साधारण साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटरच्या घरात. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. हा पाऊस कसा पडतो ते बघा. दिवसभर ऊन तापतं, जमिनीलगतची दमट हवा वर चढते, दुपारी तीन-चारनंतर ढग उभेच्या उभे वाढतात आणि संध्याकाळी गडगडाट करत फुटतात. मे महिन्यातला वळीव आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस, दोन्ही याच जातीचे. जुलै-ऑगस्टमधली रिपरिप निराळी. तिच्यात आभाळ सपाट करडं असतं, वारा गार असतो, वीज क्वचितच चमकते. पळायला त्याहून चांगलं हवामान सोलापुरात वर्षभरात मिळत नाही. पण सप्टेंबरात तुमची पळायची वेळ आणि विजांची वेळ नेमकी एकच आहे. पहाटेपर्यंत बहुतेकदा ढग निवळलेले असतात किंवा नुसती भुरभुर असते.

याला अपवाद कमी दाबाच्या क्षेत्राचा. ऑक्टोबर २०२० च्या मध्यावर बंगालच्या उपसागरातून आलेलं असंच एक क्षेत्र आपल्या जिल्ह्यावरून पुढे सरकलं, तेव्हा सकाळ-संध्याकाळ असा फरकच उरला नव्हता. अशा दिवशी घरातच थांबायचं. हवामान खातं २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला मुसळधार म्हणतं आणि त्याच्या पुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार. म्हणजे आपल्या वर्षभराच्या पावसाचा साधारण दहावा हिस्सा एका दिवसात पडला, तर तो नुसता ‘मुसळधार’. सोलापूरची गटारं आणि नाले एवढं पाणी पटकन ओढून घेत नाहीत. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर पळायचे बूट बाहेरच काढू नका, घरी थांबा.

आता वीज. पावसात पळण्यातला जिवावरचा धोका खरं तर हाच, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. चमक दिसली की मोजायला लागा: एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या डोक्यावरही पडू शकते. तिथेच पळणं थांबवून आसरा गाठायचा. ‘ही फेरी पूर्ण करतो आणि जातो’ असं करायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं बाहेर यायचं नाही, आणि मध्ये पुन्हा गडगडलं तर ती ३० मिनिटं पहिल्यापासून मोजायची. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असं नसतं. सर ओसरताना, आभाळ एका बाजूनं उजळत असतानाही वीज पडते, आणि लोक बाहेर पडतात ते नेमके तेव्हाच.

निघण्याआधी मोबाइलवर ‘दामिनी’ ॲप बघा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं केलेलं आहे, मोफत आहे. तुमच्या ठिकाणाभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात कुठे वीज पडतेय ते दिसतं. ४० च्या वर्तुळात ठिपके दिसत असतील, तर त्या वेळी निघू नका.

आसरा म्हणजे पक्की इमारत, किंवा काचा लावलेली, पत्र्याच्या टपाची चारचाकी. झाड नाही, रिक्षा नाही, बसथांबा नाही, चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेडही नाही. होम मैदान, पार्क मैदान, संभाजी तलावाचा काठ, सिद्धेश्वर तलावाचा परिसर या सगळ्या मोकळ्या जागा. तिथे उभा माणूस हाच आजूबाजूचा उंच टोक ठरतो, शिवाय पाणी जवळ. तलावाकाठी पळायचंच असेल, तर जवळात जवळची पक्की इमारत कुठे आहे आणि तिथवर पोहोचायला किती मिनिटं लागतात, हे कोरड्या दिवशी बघून ठेवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर ती जागा सप्टेंबरात विसरा. रबरी तळव्याच्या बुटांनी वीज अडत नाही. काहीच आसरा नसेल, तर झाडांपासून आणि खांबांपासून लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं खाली घालायचं. आडवं पडायचं नाही, कारण वीज जमिनीतून पसरते आणि अंग जितकं जास्त टेकेल तितका धोका मोठा. दोघं-तिघं असाल तर एकमेकांपासून लांब बसा. कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

दुसरा करंट महावितरणच्या तारांतला. पावसात पथदिव्याच्या खांबाला, त्याला ताण दिलेल्या तारेला, डीपीच्या जाळीला हात लावू नका. पिंढरीचा ताण काढायला लोक सहज खांबाला टेकतात, ती सवय पावसाळ्यात सोडा. तार तुटून पडलेली दिसली तर किमान दहा मीटर लांब राहा. ती तार साचलेल्या पाण्यात असेल तर त्या पाण्याच्या जवळही जाऊ नका. पायाला मुंग्या येतायत असं वाटलं तर पळू नका. मोठं पाऊल टाकलं की दोन पायांमधला दाबाचा फरक वाढतो आणि करंट अंगातून जातो. पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, इंच-इंच घसटत मागे या. तक्रार १९१२ वर करा.

साचलेलं पाणी घोट्याच्या वर असेल तर त्यातून जायचं नाही, वळसा घालायचा. खाली चेंबरचं झाकण आहे की नाही, हे गढूळ पाण्यात कुणालाच दिसत नाही. पाणी एका जागी गोल फिरत असेल, तर तिथे खाली उघडं चेंबर आहे असंच धरा. वाहतं पाणी तर अर्धा फूट असलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. नाल्यावरच्या फरशीपुलावरून पाणी जात असेल, तर पलीकडे जाण्याचा विचारही नको.

आता पायाखालची जमीन. पावसात बहुतेकांना दुखापत होते ती इथे.

कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटं डांबरी रस्ता सगळ्यात घसरडा असतो. गाड्यांचं सांडलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून साय धरल्यासारखा थर होतो. जोराची सर आली की तो वाहून जातो. म्हणून पाऊस सुरू झाल्या झाल्या निघण्यापेक्षा अर्धा तास थांबून निघणं बरं. ओलं डांबर तुलनेनं धरून ठेवतं. घसरवतात ते त्यावरचे रंगाचे पट्टे, गतिरोधकावरचा पांढरा-पिवळा जाड रंग, चेंबरची लोखंडी झाकणं, आणि आपल्याकडे घरोघरी, फुटपाथवर, देवळांच्या आवारात बसवलेली शहाबादी फरशी. घासून गुळगुळीत झालेली शहाबादी ओली झाली की बुटाचं काही चालत नाही, तिच्यावर चालायचंच. पेव्हर ब्लॉकवर जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे ऑगस्टनंतर हिरवट-काळं शेवाळ धरतं. भिंतीलगतची आणि झाडाखालची ओळ टाळून मधून पळा. जून-जुलैत कडुलिंबाखाली लिंबोळ्यांचा खच पडतो. पिकलेली लिंबोळी बुटाखाली फुटली की आतला चिकट गर आणि टणक बी, दोन्ही एकदम सरकतात. वारा असेल तर गुलमोहराखालूनही जाऊ नका. त्याचं लाकूड ठिसूळ असतं, फांद्या पटकन तुटतात.

आणि काळी माती. जुळे सोलापुरातल्या नव्या लेआउटचे कच्चे रस्ते, होटगी रोडकडची रिकामी प्लॉटं, सगळीकडे तीच. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि गोंदासारखी चिकटते. वीस-पंचवीस पावलांत बुटाखाली असा लगदा जमतो, की टाच दोन इंच उंच होते आणि तळवा सपाट न राहता गोल होतो. मग पाऊल आत किंवा बाहेर कलंडतं आणि घोटा मुरगळतो. शिवाय पाय उचलताना माती ओढून धरते, त्याचा ताण पिंढरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर येतो. दोन दिवसांनी टाच धरली म्हणून लोक बुटाला दोष देतात, पण कारण बहुतेकदा हे असतं. काळ्या रानात पाऊस पडून दोन कोरडे दिवस जाईपर्यंत पळू नका. कच्चा रस्ता हवाच असेल तर मुरमाचा शोधा. मुरमातून पाणी खाली जातं, दाणा पायाला धरतो, सर थांबल्यावर तासाभरात पळण्यासारखा होतो.

पळण्याची पद्धतही थोडी बदलावी लागते. पावलं आखूड टाका, पाय शरीराच्या खालीच टेकू द्या. लांब टांग टाकून टाचेवर आलात की घसरलातच. वळताना तिरकं होऊ नका, वळणाआधी वेग कमी करून चार-पाच बारक्या पावलांत वळा. घड्याळातला वेग बघू नका, अंतरही नको. ४० मिनिटं ठरवा आणि ४० मिनिटांत घरी या. वेगाचे तुकडे, उताराचा सराव हे सगळं कोरड्या दिवसासाठी ठेवा. मार्ग सरळ पाच किलोमीटर जाऊन यायचा नको. घराजवळची सव्वा-दीड किलोमीटरची फेरी घ्या आणि तीच चार-पाचदा मारा. पहिल्या फेरीत खड्डे, पाणी, चेंबर बघून घ्यायचे, मग पुढच्या फेऱ्यांत पाय आपोआप सांभाळतात. आणि आभाळ फिरलं तर घर कधीच दहा मिनिटांपेक्षा लांब नसतं.

रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा. पावसात चालकाला वायपरच्या दोन फेऱ्यांमध्ये जेवढं दिसतं तेवढंच दिसतं, आणि दुचाकीवाल्याच्या काचेवर तर वायपरही नसतो. पोपटी किंवा भगवा टी-शर्ट घाला, काळा-निळा नको. पहाटे अंधार असेल तर चकाकणारी पट्टी किंवा छोटा लाल दिवा लावा. कानात काही घालू नका. गडगडाट आणि मागून येणारी एसटी, दोन्ही ऐकू यायला हवेत.

कपड्यांबाबत बहुतेक लोक रेनकोट घालून चुकतात. प्लॅस्टिकच्या रेनकोटात घाम बाहेर पडत नाही, दहा मिनिटांत आतून तितकेच भिजता आणि वर अंग तापतं. आपल्याकडे पावसातही हवा २२ ते २८ अंशांच्या आसपास असते, थंडीनं कुडकुडण्याचा धोका पळताना नाही. पातळ पॉलिस्टरचा अंगाबरोबरचा टी-शर्ट पुरे. सुती बनियन नको. तो पाणी धरून जड होतो आणि घासतो. जांघा, काखा, छातीची बोंडं यांना निघण्याआधी व्हॅसलीन चोपडा, नाहीतर चार-पाच किलोमीटरनंतर कातडी सोलवटते आणि आंघोळीचं पाणी लागलं की समजतं. पुढे छज्जा असलेली टोपी घाला, थेंब डोळ्यांवर येत नाहीत. मोजे पातळ पॉलिस्टरचे. मोबाइल झिपच्या पिशवीत, आणि तो ओला झाला असेल तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

पाणी प्यायला विसरू नका. भिजलेलं असल्यामुळे घाम कळत नाही, पण दमट हवेत तो वाळत नसल्यानं शरीर उलट जास्त घाम सोडतं. खात्री करायची असेल तर निघण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून, ओले कपडे काढून वजन करा. मध्ये पाणी प्यायला नसाल, तर अर्धा किलो घटलं म्हणजे अर्धा लिटर पाणी गेलं.

आता घरच्यांच्या म्हणण्याबद्दल. सर्दी-ताप विषाणूंनी होतो, पावसाच्या थेंबांनी नाही. पण त्यांची काळजी अगदीच खोटी नाही. पळताना अंगात ऊब असते, थांबलात की ती झपाट्यानं जाते, कारण पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगानं उष्णता ओढतं. ओल्या कपड्यांत चहाच्या टपरीवर अर्धा तास गप्पा मारणं, हे खरं चुकतं. पळणं संपल्यापासून दहा मिनिटांत घर, कोमट पाणी, आणि सोलापुरी टॉवेलनं खसाखसा अंग पुसणं. मग गरम काहीतरी. हुलग्याचं माडगं मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही. ताप, खोकला किंवा छातीत घरघर आधीच असेल तर त्या दिवशी जाऊ नका. मधुमेहामुळे तळव्यांना कमी जाणवत असेल तर पावसात मुळीच नको, कारण जखम झालेली कळत नाही.

पायांची निगा सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्या वेगळ्या फडक्यानं कोरड्या करा, पंख्याखाली पाच मिनिटं पाय मोकळे ठेवा. बेचक्यांतली कातडी पांढरी पडून खाज येऊ लागली म्हणजे चिखल्या झाल्या. क्लोट्रिमाझोलचं मलम दिवसातून दोनदा लावा, आणि बरं दिसू लागलं तरी डॉक्टर किंवा औषधवाला सांगेल तेवढे आठवडे पुरे करा. मध्येच सोडलं की त्या परत येतात. स्टेरॉइड मिसळलेली ‘झटपट आराम’ मलमं लावू नका, खाज थांबते आणि बुरशी आत वाढते. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून जाणं झालंच, तर पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. अचानक ताप, पिंढऱ्या असह्य दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ‘मी साचलेल्या पाण्यातून गेलो होतो’ हे आपणहून सांगा. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुताचं पाणी जखमेतून गेलं की लेप्टोस्पायरोसिस होतो. लवकर कळला तर साध्या औषधांनी बरा होतो, पण हे सांगितलं नाही तर साधा ताप समजून दिवस जातात.

बूट: नाड्या पूर्ण सैल करा, आतली गादी काढून वेगळी ठेवा, चिखल नळाखाली ब्रशनं काढा. मग जुन्या पेपरचे बोळे पंजापर्यंत कोंबा. तासाभरात ते ओलेचिंब होतील, ते काढून नवे भरा आणि पंख्याखाली बूट आडवे ठेवा. सकाळपर्यंत वाळतात. गॅसजवळ, गिझरवर किंवा दुपारच्या कडक उन्हात ठेवू नका. डिंक सुटतो, तळवा उकलतो आणि मधला फोम आकसून कडक होतो. शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरा. पावसासाठी जुना जोड चालेल असं लोक म्हणतात, पण पंजाखालच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर तोच घसरवतो. अंगठ्याच्या नखानं खाच चाचपून बघा. नख अडकत नसेल तर तो जोड भाजी आणायला ठेवा.

ज्या दिवशी जाता येत नाही, त्या दिवशी घरातच अर्धा तास काढा: १२ सूर्यनमस्कार, मग इमारतीच्या जिन्यानं चढताना जोरात, उतरताना कठड्याला धरून सावकाश, असं १५ मिनिटं, मग २० बैठका तीन वेळा. तुमचा आठवडाभर खंड पडलाय त्यानं दमसास फारसा उतरलेला नाही, घाबरू नका. परवा सकाळी सहाला निघा, २५ मिनिटं, बोलता येईल अशा वेगानं. एक दिवस सोडून ३० मिनिटं, पुन्हा एक दिवस सोडून ४०. त्यानंतर नेहमीचं वेळापत्रक धरा.